परिपत्रक निघालं, पण खिडकीवर काय बदललं? आरोग्याच्या पाठपुराव्याचं मूल्यमापन

प्रश्न: मानखुर्दमध्ये आमची सात जणांची संस्था आहे. पालिकेच्या दवाखान्याची वेळ संध्याकाळपर्यंत वाढवावी आणि रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना महिन्याभराची औषधं एकदम मिळावीत, यासाठी आम्ही दोन वर्षं पाठपुरावा करतोय. निवेदनं दिली, सह्यांची मोहीम घेतली, वॉर्ड ऑफिसला खेटे घातले. मध्येच जवळ ‘आपला दवाखाना’ सुरू झाला, तो रात्रीपर्यंत चालतो. आता देणगीदार संस्था म्हणते, तुमच्या कामाचं यश दाखवा. आमच्याकडे बैठकांचे आणि निवेदनांचे आकडे आहेत, पण त्याने त्यांचं समाधान होत नाही. खरं सांगायचं तर आमचंही होत नाही. देखरेख आणि मूल्यमापन करायचं तरी कसं? आणि तो दवाखाना सुरू झाला, ते आमचं यश म्हणायचं का, ताई?

उत्तर:

आकडे देऊन तुमचंही समाधान होत नाही, हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत. तिथूनच सुरुवात करू. क्षयरोग, औषधांचा पुरवठा आणि बायकांचं आरोग्य या विषयांवर मुंबईत पाठपुरावा करण्यात माझी बावीस वर्षं गेली. त्यातली शेवटची काही वर्षं मी दुसऱ्या संस्थांच्या अशाच कामाचं मूल्यमापन करते आहे. एवढ्या काळात एक गोष्ट मनात पक्की बसली. निवेदन, मोर्चा, बैठक, सह्या ही आपली मेहनत असते. यश मात्र नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी कृतीत असतं. एमओएचने, म्हणजे वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याने, औषधांच्या स्टोअरला पत्र लिहिलं, फार्मासिस्टने सातऐवजी तीस दिवसांच्या गोळ्या मोजून दिल्या, अर्थसंकल्पात एका लेखाशीर्षाखाली रक्कम वाढली, असं काहीतरी. म्हणून दर तिमाहीला स्वतःला विचारायचं: कुणी, कधी, काय वेगळं केलं? आणि ते औषधाच्या खिडकीपर्यंत पोचलं का?

हे मला ठेच लागल्यावर कळलं. काही वर्षांपूर्वी एका सार्वजनिक यंत्रणेच्या दवाखान्यांत मधुमेहाची औषधं नीट मिळावीत म्हणून आम्ही दीड वर्ष झटत होतो. अखेर परिपत्रक निघालं: जुनाट आजाराच्या रुग्णाला एका वेळी तीस दिवसांची औषधं द्यावीत. आम्ही पेढे वाटले, वार्षिक अहवालात ‘मागणी मान्य’ असं लिहिलं आणि दुसऱ्या विषयाकडे वळलो.

सात महिन्यांनी वस्तीतल्या एका बाईंबरोबर मी त्यातल्याच एका दवाखान्यात गेले. घरकाम करणाऱ्या, साठीच्या आसपासच्या. खिडकीला लोखंडी गज आणि खाली कडप्प्याची फळी, हात टेकून टेकून मधोमध गुळगुळीत झालेली. बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेला केसपेपर काढला आणि फळीवर तळहाताने सरळ केला. फार्मासिस्टने मेटफॉर्मिनच्या स्ट्रिपा घेतल्या, कात्रीने एक तुकडा कापून बाजूला ठेवला आणि चौदा गोळ्या पुढे सरकवल्या. दिवसाला दोन, म्हणजे सात दिवस. मी परिपत्रकाचं विचारलं. त्याने ते खरोखरच पाहिलं नव्हतं. ड्रॉवरमधली फाईल काढून माझ्यासमोर चाळली, त्यात ते नव्हतं. मग त्याने जे सांगितलं ते मी आजही प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. परिपत्रक मिळालं असतं तरी उपयोग नव्हता. इंडेंट, म्हणजे औषधांचं मागणीपत्रक, गेल्या वर्षीच्या खपावरून भरलं जातं. त्याने सगळ्यांना तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या असत्या, तर दहा तारखेलाच कपाट रिकामं झालं असतं.

म्हणजे वितरणाचा नियम बदलला होता, पुरवठ्याचं गणित तेच होतं. आम्ही ते बदलायची मागणीच केली नव्हती. आमच्या कागदावर यश नोंदलं जात होतं, तेव्हा त्या बाई दर आठवड्याला एका सकाळची कामं बुडवून रांगेत उभ्या राहत होत्या. सात महिने. आम्ही दुसऱ्याच महिन्यात खिडकीवर गेलो असतो, तर निदान पाच महिने वाचले असते.

म्हणून पहिलं काम: तुमच्या मागणीची साखळी कागदावर मांडा. महिन्याभराच्या औषधांचंच घ्या. डॉक्टरने केसपेपरवर तीस दिवस लिहायला हवेत. फार्मासिस्टला तसं देण्याची लेखी मुभा हवी. दवाखान्याचं इंडेंट त्या हिशेबाने वाढायला हवं. वरच्या स्टोअरने तेवढा माल पाठवायला हवा, त्यासाठी दरकरार (पुरवठादाराशी ठरलेल्या भावाचा करार) चालू हवा आणि निविदा रखडलेली नको. या सगळ्यानंतर खिडकीवर तीस दिवसांच्या गोळ्या येतात. प्रत्येक कडीपाशी लिहा: हे कोण करणार, साधारण कधीपर्यंत, आणि झालं हे आपल्याला कशावरून कळणार. खाली तारीख टाका, सगळ्यांनी सह्या करा, फाईलला लावा. हा कागद आधी लिहिणं फार गरजेचं आहे. अपेक्षा आधी लिहून ठेवली नाही, तर जे घडेल तेच आपल्याला हवं होतं असं वाटायला लागतं. हे मी प्रामाणिक माणसांच्या बाबतीतही घडताना पाहिलं आहे.

साखळी मांडली की आपली जबाबदारी कुठे संपते तेही दिसतं. लोकांचा रक्तदाब आटोक्यात आला का, हे तुमच्या पाठपुराव्याचं माप म्हणून कबूल करू नका. त्यात जेवण, झोप, कामाचे तास, घरातला ताण, सगळंच येतं. शिवाय ते मोजणार कशावर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे जिल्ह्याचे असतात, आणि त्यात मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे दोनच जिल्हे. उपनगराच्या सरासरीत जुहू-पार्ल्याबरोबर मानखुर्द-गोवंडीही असतं, पण ते वेगळं दिसत नाही. त्या आकड्यावर तुमचं यश टांगलंत, तर तो वर गेला काय नि खाली आला काय, त्यातून काहीच सिद्ध होणार नाही.

कायदा किंवा आदेश आणि लोकांच्या आयुष्यातला बदल यांत केवढं अंतर असू शकतं, त्याचं आपल्याच शहरातलं उदाहरण गर्भलिंगनिदानाचं आहे. १९८५ मध्ये मुंबईत लिंगनिदान आणि लिंगनिवडीच्या विरोधातला मंच उभा राहिला. त्याच्या रेट्यामुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. देशातला असा पहिलाच. १९९४ मध्ये संसदेने केंद्रीय कायदा केला. फक्त कायदा मोजला तर नऊ वर्षांत राज्य आणि देश दोन्ही जिंकले. पण महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४. मग ते काम फसलं का? मी तसं मुळीच म्हणणार नाही. त्या कायद्याविना हा आकडा कुठे गेला असता, कुणाला ठाऊक. त्या कायद्यामुळेच पुढे न्यायालयात जाता आलं, सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी आणि तपासणी मागता आली. पण १९९४ मध्येच कुणी ‘उद्दिष्ट साध्य’ असा शिक्का मारून फाईल बंद केली असती, तर पुढची सगळी लढाई झालीच नसती. मूल्यमापनाने साखळीतली कोणती कडी जुळली आणि कोणती तुटकी आहे, हे वेगवेगळं सांगायला हवं. एकच गुण देऊन मोकळं होता येत नाही.

आता रोजच्या देखरेखीविषयी. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. दोनशे पानी रजिस्टर घ्या. प्रत्येक भेटीनंतर, त्याच संध्याकाळी, पाच गोष्टी लिहा: तारीख, कोण भेटलं, त्यांनी नेमक्या कोणत्या शब्दांत काय सांगितलं, कोणता कागद दिला-घेतला आणि त्याचा आवक क्रमांक. पोच घेतल्याशिवाय निवेदन दिलं असं समजूच नका. माझ्या मते यात सर्वांत मोलाचे ते ‘नेमके शब्द’. अधिकाऱ्याची भाषा पायरीपायरीने बदलते. आधी ‘हा आमच्या अखत्यारीतला विषय नाही’. मग ‘बघू’. मग ‘तुमच्याकडे काही आकडे आहेत का?’ आणि नंतर कधीतरी ‘टिपणी वर पाठवली आहे’. ‘बघू’वरून ‘आकडे आहेत का’पर्यंत येणं ही खरी प्रगती आहे, कारण आकडे तोच मागतो ज्याला कागद पुढे सरकवायचा असतो. पण हे नोंदलं नसेल तर सहा महिन्यांनी तुम्हाला वाटतं की काहीच हाती लागलं नाही. कार्यकर्ते खचतात ते बहुतेक वेळा इथेच.

बदल्याही लिहा. मन वळलेला अधिकारी बदलून गेला की आपण दोन पायऱ्या खाली येतो. ते लपवू नका. परिस्थिती बदलली की मापंही बदलावी लागतात. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ‘स्थायी समितीत किती वेळा प्रश्न आला’, ‘किती नगरसेवकांनी ठरावाची सूचना दिली’ असली मापं ज्यांनी लिहून ठेवली होती, त्यांची मापं एका दिवसात निरर्थक झाली. ज्यांनी ‘निर्णय घेणाऱ्याने कोणती कृती केली’ असं माप ठेवलं होतं, त्यांना फक्त त्या ओळीतलं पद बदलावं लागलं.

पैशाचा माग घेणं अनेकांना कंटाळवाणं वाटतं, मला ते फार आवडतं. पालिकेचा अर्थसंकल्प साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो. बातमीत येते ती पुढच्या वर्षाची तरतूद. तुम्ही त्या ओळीत मागे जा: चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज, आणि आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. तरतूद मोठी आणि सुधारित अंदाजात ती अर्ध्यावर आली असेल, तर घोषणेचा आनंद तिथेच आवरा. पैसे ठेवले गेले होते, पण वापरायची तयारी झाली नव्हती, असा त्याचा अर्थ. पाठपुराव्याची पुढची दिशा तिथेच मिळते. अर्थसंकल्पात तुमच्या वॉर्डाचं, तुमच्या दवाखान्याचं वेगळं दिसलं नाही, तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर प्रथम अपील. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रश्न आटोपशीर ठेवा: अमुक दवाखान्याने अमुक सहा महिन्यांत अमुक तीन औषधांचं केलेलं इंडेंट, प्रत्यक्ष मिळालेला माल, आणि साठा शून्य असलेले दिवस. एवढंच. ‘औषधं का मिळत नाहीत’ असं विचारलंत तर उत्तर येणार नाही. ‘का’ हे नोंदींमध्ये नसतं.

आणि आता खिडकी. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तीन-चार दवाखान्यांबाहेर उभं राहा. आवारात नाही, फाटकाबाहेर. औषध घेऊन बाहेर पडणाऱ्या दहा जणांना विचारा: चिठ्ठीवर काय होतं, आतून काय मिळालं आणि किती दिवसांचं, बाहेरून काय घ्यावं लागलं आणि किती रुपयांचं. जमलं तर स्ट्रिप मोजू द्या म्हणा. तोंडी उत्तर आणि मोजलेली स्ट्रिप यांत फरक पडतो. पालिकेच्या रुग्णालयांत बाहेरची चिठ्ठी द्यायची नाही, असं ‘झिरो प्रिस्क्रिप्शन’चं धोरण जाहीर झालेलंच आहे, त्यामुळे हा तिसरा प्रश्न आता आपल्या हट्टाचा राहिलेला नाही. यंत्रणेने स्वतः दिलेल्या शब्दाची ती तपासणी आहे, आणि अधिकाऱ्यांसमोर ती तशीच मांडा.

या मोजणीत दोन चुका हमखास होतात. एक, वार. सोमवारची गर्दी वेगळी, शनिवारची वेगळी, म्हणून वार ठरवून टाका. दुसरी, पावसाळा. जुलै ते सप्टेंबर तापाचे, मलेरिया-डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि दवाखान्याची सगळी घडी बदलते. मार्चची तुलना ऑगस्टशी केलीत तर फसाल. यंदाच्या ऑगस्टची गेल्या ऑगस्टशी करा. आणि छोट्या आकड्यांची टक्केवारी काढू नका. समजा, तीन ठिकाणी मिळून तीस जणांना विचारलंत आणि अकरा जणांना महिन्याभराच्या गोळ्या मिळाल्या, तर ‘तीसपैकी अकरा’ असंच लिहा. ‘३६.६७ टक्के’ लिहिलं की ते मोठ्या सर्वेक्षणासारखं दिसतं आणि पहिल्याच चौकस अधिकाऱ्यासमोर उघडं पडतं.

ही पद्धत माझ्या डोक्यातून आलेली नाही. महाराष्ट्रात २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांपासून. गावकऱ्यांनी उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची प्रगतिपत्रकं भरली, चांगल्यासाठी हिरवा, बऱ्यासाठी पिवळा, वाईटासाठी लाल रंग, आणि जनसुनवाईत ती डॉक्टर-अधिकाऱ्यांसमोर मांडली. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही लाल रंग वाचता येतो. पुढच्या फेरीत तो पिवळा झाला की नाही, तेही तीच सांगते. शहरात हे करणं अवघड जातं, कारण आपल्याकडे माणसं भाड्याची खोली बदलतात, दवाखाना बदलतात. पण रंगांचा तक्ता तुमच्या बचतगटाच्या बैठकीत भिंतीवर लावून पाहा. देणगीदाराच्या अहवालापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मला वाटतं तोच तुम्हाला जास्त छळत असावा. ‘आपला दवाखाना’ हे आमचं यश म्हणायचं का?

तारखा समोर ठेवा. ही योजना मुंबईत नोव्हेंबर २०२२ मध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. नोकरी-मजुरी करणाऱ्यांना संध्याकाळी दवाखाना उघडा मिळावा, ही मागणी तुमच्या कितीतरी आधीपासून अनेक संस्था, पत्रकार आणि अभ्यासक करत होते. तेव्हा संध्याकाळी दवाखाने चालवायचे हा निर्णय तुमचा नाही, हे सरळ लिहा. पण तुमच्या वस्तीजवळचं केंद्र तिथेच का आलं? जागा कुणी सुचवली? जागा पाहायला कुणी आलं तेव्हा तुमचा सह्यांचा कागद फाईलमध्ये होता का? तिथे तुमचा वाटा असू शकतो, आणि तो शोधता येतो.

यासाठी मी वाट्याच्या तीन पायऱ्या करते. आपण नसतो तर हे झालंच नसतं. आपण नसतो तर झालं असतं, पण उशिरा किंवा अपुरं. आपण नसतो तरी असंच झालं असतं. प्रत्येक बदलासमोर यातली एक पायरी लिहा, कशावरून म्हणता ते लिहा, आणि त्याच बदलाची दुसरी संभाव्य कारणंही लिहा. मूल्यमापनाच्या क्षेत्रात याला ‘कॉन्ट्रिब्युशन अ‍ॅनालिसिस’ म्हणतात. आधी घडलेला बदल पकडून मग उलट मागे जाण्याला ‘आउटकम हार्वेस्टिंग’ म्हणतात. नावं माहीत असलेली बरी, देणगीदाराशी बोलताना उपयोगी पडतात. पण मुळात हे काम चौकस माणसाचं आहे. संस्थेबाहेरच्या तिघांना तरी विचारावं लागतं, आणि त्यातला एक तरी तुमच्याशी सहमत नसलेला हवा.

सगळ्यांत खरं उत्तर मला बहुतेक वेळा निवृत्त अधिकाऱ्यांकडून मिळालं आहे. एकदा एका निवृत्त डॉक्टरांना त्यांच्या घरी जाऊन विचारलं की त्या वर्षी औषधांच्या खरेदीचा प्रस्ताव तुम्ही का हलवलात. माझी खात्री होती की आमच्या मोर्चामुळे. त्यांना मोर्चा नीट आठवतही नव्हता. आठवत होता एक कागद. आमच्या एका मुलीने कोणत्या दवाखान्यात कोणत्या तारखांना कोणतं औषध नव्हतं याचा हाताने आखलेला तक्ता दिला होता, तो त्यांनी टिपणीला जसाच्या तसा जोडला होता. त्या मुलीने तो तक्ता तीन महिने रोज लोकलने फिरून भरला होता आणि आमच्या अहवालात त्याचा उल्लेखही नव्हता. त्या दिवसापासून मोर्चा काढायचा की नाही हे मी वेगळ्या हिशेबाने ठरवते.

वाट्याचा हा हिशेब मोठ्या लढायांतही तसाच करावा लागतो. गुटखाबंदीचं पाहा. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये बंदी घातली. त्यामागे टाटा रुग्णालयातल्या कर्करोगतज्ज्ञांचा आणि त्यांच्या रुग्णांचा मोठा रेटा होता, हे नाकारताच येणार नाही. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातलं तंबाखूचं प्रमाण २००९-१० मधल्या ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आलं. पण मधल्या काळात कर वाढले आणि एप्रिल २०१६ पासून पाकिटावर ८५ टक्के जागा धोक्याच्या सचित्र इशाऱ्याला गेली. दुसरीकडे टपऱ्यांवर पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशी जोडी मिळत राहिली. घट खरी आहे, आनंदाची आहे. ती फक्त बंदीमुळे झाली असं म्हणण्याचा अधिकार मात्र कुणालाच नाही.

बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधाचं उदाहरण मला जवळचं आहे, कारण गोवंडीत एमडीआर, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण मी वर्षानुवर्षं पाहिले आहेत. औषधांच्या दुष्परिणामामुळे ऐकू येणं गमावलेली मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा तिसिले, क्षयातून उठलेल्या या दोघींनी २०१९ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयात त्या औषधाच्या दुसऱ्या पेटंटला हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मक्तेदारी आणखी चार वर्षं लांबणार होती, ती थांबली. इथे वाटा स्पष्ट आहे: हरकत, सुनावणी, आदेश, सगळं कागदावर. पण त्याच वर्षी क्षयाच्या दुसऱ्या काही औषधांचा तुटवडा पडला होता, आणि एका औषधाचं पेटंट अडवून बाकीच्यांचा पुरवठा सुरळीत होत नाही. चार वर्षं लागलेल्या त्या लढ्याला पहिल्या तीन वर्षांत कुणी यश दाखवायला सांगितलं असतं तर काय दाखवलं असतं? ‘सुनावणी झाली’, ‘पुढची तारीख मिळाली’. तेही मोजायला हवं होतंच. तुमच्या देणगीदाराला हे जरूर सांगा.

टिकाऊपणाचं माप बहुतेक जण विसरतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र ‘सेहत’ ही आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आणि महापालिका यांनी मिळून २००० च्या सुमारास सुरू केलं. त्याचं सर्वांत मोठं यश, माझ्या मते, केंद्र सुरू झालं हे नाही. पुढे पालिकेने ते स्वतःचं म्हणून चालवायला घेतलं आणि मग हीच पद्धत शहरातल्या इतर रुग्णालयांतही गेली, हे आहे. तुमच्या बाबतीत हेच विचारा: आम्ही सहा महिने फिरकलो नाही तर संध्याकाळची ओपीडी चालेल का? डॉक्टर कंत्राटी आहे की पद मंजूर आहे? औषधाचं नाव यादीत आहे की ते कुणाच्या मर्जीवर मिळतं?

आणि नुकसानही मोजा. याबाबत मी आग्रही आहे. औषध संपल्याचं आपल्याला सांगणाऱ्या सिस्टरला मेमो मिळाला तर ती आपल्या कामाची किंमत आहे, आणि ती तिने मोजली आहे. बातमीत छापलेल्या फोटोमुळे एखाद्या मुलीचं क्षयाचं निदान चाळीभर झालं आणि ठरलेलं लग्न मोडलं, तर ती बातमी कात्रणांच्या फाईलमध्ये ‘यश’ म्हणून लावता येत नाही. रजिस्टरमध्ये शेवटी एक पान वेगळं ठेवा: आपल्यामुळे कुणाला त्रास झाला? आरोग्यसेविकांना हे पान भरायला सांगा, त्यांना सगळ्यांत आधी कळतं. आणि रुग्णाची कहाणी वापरायची असेल तर संमती एकदा नाही, प्रत्येक वेळी नव्याने घ्या. क्षय किंवा एचआयव्ही असेल तर नाव, गल्ली, फोटो काहीच नको.

देणगीदाराला काय द्यायचं? तिमाहीला दोन पानं पुरेत. पहिल्या पानावर झालेले बदल, एक-दोन किंवा शून्य: कुणी काय वेगळं केलं, पुरावा, तुमच्या वाट्याची पायरी, दुसरी कारणं. दुसऱ्या पानावर खिडकीची मोजणी, रजिस्टरमधली भाषा कुठवर आली ते, आणि कुठे मागे आलो. बैठका-निवेदनांचे आकडे शेवटी एका ओळीत. पहिलं पान एखाद्या तिमाहीत रिकामं राहील. राहू द्या. रिकामं पान पाठवण्याची सवय असलेल्या संस्थेवर मी जास्त विश्वास ठेवते, आणि बरेच देणगीदारही ठेवतात, फक्त त्यांना आधी सांगावं लागतं की असं होणार आहे. ते सांगणं करार करतानाच करा. या कामासाठी एका माणसाचा आठवड्याला अर्धा दिवस पगारी धरा आणि तो अंदाजपत्रकात मागून घ्या. मोजणीचं काम स्वयंसेवकांच्या उरलेल्या वेळावर सोडलं की ते दोन महिन्यांत बंद पडतं.

मागची दोन वर्षं वाया गेली असं समजू नका. निवेदनांच्या पोचपावत्या, फोनमधले मेसेज, कार्यकर्त्यांच्या डायऱ्या एकत्र काढा, एका रविवारी सगळे सात जण बसा आणि तारखांची माळ लावा: वर आपण काय केलं, खाली समोरच्याने काय केलं. कुठे दोन्ही जवळ येतात ते दिसेल. त्या जागांवर बोट ठेवून मग बाहेरच्यांना विचारायला जा. खिडकीची पहिली मोजणी याच महिन्यात घ्या, म्हणजे निदान इथून पुढची तुलना तरी करता येईल. प्रश्न मराठी आणि हिंदी दोन्हींत छापून घ्या, कारण तुमच्या भागात निम्म्याहून जास्त उत्तरं हिंदीत येतील. आणि फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या दोघांपैकी एक तरी बाई असू द्या. कोणती गोळी कशासाठी घेते, हे बायका अनोळखी पुरुषाला सांगत नाहीत.